एक-एक इलेक्ट्रॉन

मंगळवार, संध्याकाळ. बूढ़ापारा, रायपूर.

डोकं पार गोंधळलं आहे. भनपुरीच्या लॅबमध्ये मी रोज कारखान्यांचे मीटर तपासतो. करंट म्हणजे काय, हे तरी मले समजते असं वाटत होतं.

आज आमच्या मुग्धाचा बंगलोरहून फोन आला. इथं मिळालेली सरकारी नोकरी घ्यायची नाही म्हणते, पीएचडीच पुरी करायची.

"काहून?"

"बाबा, आम्ही इलेक्ट्रॉन एक-एक करून सोडतो. बारीक दार उघडतं, एकच पार होतो, दार बंद. प्रत्येकाचा चार्ज ठरलेला, म्हणून सेकंदाला किती वेळा उघडलं ते माहीत असलं, की करंट नेमका कळतो. उद्या तुमचे मीटरही त्याच मापावर तपासले जातील."

"अन् एखाद्या वेळी दोन घुसले तर?"

"घुसतात ना. कधी एकही जात नाही. वही तो पकड़ना है, बाबा."

"बल्ब तरी पेटते का त्यानं?"

"इतक्याशा करंटनं? काहीच नाही पेटत." हसली.

एक-एक! दिसत तर नाही, मग दोन घुसले हे तिले कळते कसं? हेच विचारायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "पक्की नोकरी सोडून हे?"

ती हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर येते मी रायपूरला."

"नको येऊ," मी म्हटलं.

काहून म्हटलं? रागानं, की कौतुकानं? मलेच समजून नाही राहिलं.

स्वयंपाकघरातून बायको विचारून राहिली, पोट्टी कधी येते म्हणून. तिले अजून काहीच सांगितलं नाही.