बाबांचं नाक

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी माझ्या डाव्या बुटात गोगलगाय निघाली. निघाली म्हणजे पायाला कळली, मोज्यासकट. या अन्यायाची दाद कुठे मागावी, हे कुठल्याच शास्त्रात नाही.

परसातला वसंत असा घरात शिरतोय. गुलाबाला कोंब फुटले, कोंबांवर मावा चढला. कुंडी उचलावी तर खाली लिबलिबीत संमेलन. कवींनी एवढं सगळं वगळलं तरी कसं?

त्यावर कडी म्हणजे बाबांचा खतखड्डा. शास्त्रकार पृथ्वीला गंधवती म्हणतात. त्यांच्या घरामागे हा खड्डा नव्हता. नासक्या अंड्यांचा दर्प थेट जेवणाच्या टेबलापर्यंत येतो. बाबा मात्र खड्ड्याशी निवांत बसलेले. तक्रार केली तर म्हणाले, तुझं नाक लाडावलंय.

लोभ असू दे, आणि जमल्यास थोडा वारा पाठव.

तुझा भाऊ

१५ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं, तुझे भाचे पोट धरून हसले. गांडूळ दिसलं की पलंगावर चढणारा तूच ना रे?

खड्ड्याची काळजी सोड. हुंगल्याशिवाय बाबांनी कधी झाडाला खत घातलंय? मूठ नाकाशी न्यायची, ओल्या मातीचा वास आला तर झालं म्हणायचं, नाहीतर परत खड्ड्यात. आई म्हणायची, माझ्या स्वयंपाकालाही एवढं हुंगत नाहीत. त्यांच्या नाकावर भरवसा ठेव.

माया आहे तेवढीच, थट्टा जरा जास्त.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून बाबांना खत हुंगायला लावलं. तो काळा, अळ्यांनी वळवळणारा चिखल त्यांनी नाकाशी नेला, दीर्घ श्वास घेतला आणि झालंय म्हणाले. मी तिथेच नाकाला रुमाल लावला. तेच खत त्यांनी गुलाबांना घातलं. कोंब करपले, एक झाड तेवढं वाचलं. त्याचं फूल मी त्यांच्यापुढे धरलं. काय सुरेख वास आहे म्हणाले, पण फूल नाकाशी न्यायच्या आधीच.

काल लवकर घरी आलो. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस चालूच. दारातच वासाने मला ठसका लागला. बाबा शेजारी बसून बिया निवडत होते. मी धावत खिडक्या उघडल्या, तर विचारतात, काय रे, उकडतंय का?

किळस वगैरे राहू दे, ताई. मी दिवसभर बाहेर असतो. त्यांना घरात एकटं ठेवून जायची मला भीती वाटते.

तुझा भाऊ