खोलीतली टिटवी

१७ डिसेंबर १९९८

बाळंतिणीने लिहायचं नाही — डोळे जातात म्हणे. वाचायचंही नाही. कानात कापूस, डोक्याला फडकं, खिडकीला गोधडी. म्हणून ही वही उशीखाली आणि पेन्सिल बाळाच्या दुपट्यात. आई पाणी तापवायला गेली की चार ओळी.

आज संगमेशदादाचं खोकं आलं, थेट अमेरिकेहून. बाळाला टोपरं, आईला शाल आणि एक पांढरं गोल यंत्र. चिठ्ठीत एवढंच — ‘शिवांजलीच्या खोलीत भिंतीवर लावा. काळजी घेतं. बाकी सगळं पुस्तकात आहे.’

पुस्तक इंग्रजीत. अप्पा म्हणाले, “शिवू वाचंल की.” आई म्हणाली, “बाळंतीण कशी वाचंल?” झालं! घरात इंग्रजी येणारी मी एकटी आणि मलाच बंदी. अप्पांनी कागद बोटांनी चाचपला. किराणा दुकानदाराच्या हाताला कागद लागला की त्याची पुडीच होते. “गुळगुळीत हाय. ओल धरत न्हाई.” संपलं पुस्तक.

१९ डिसेंबर

भिवराबाई अंग चोळायला येतात. चोळतात, शेकतात आणि घरावर राज्य करतात. आज थंडी फार म्हणून बाजेखाली शेगडी गच्च भरली, ओवा-बाळंतशेपाची धुरी घातली, दार लावून घेतलं. घटकाभराने यंत्र जे ओरडलं! टिट्-टिट्-टिट्-टिट्! गप. परत चार. भिवराबाई तेलकट हातांनी अंगणात पळाल्या. आई म्हणाली, “बया! संग्यानं भिंतीत टिटवी बसवली का काय?”

टिटवी ओरडली म्हणजे अपशकुन, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भिवराबाईंनी निदान केलं — “लेकराला नजर लागली.” मीठ, मोहरी, सात मिरच्या निखाऱ्यावर. दार पुन्हा बंद. यंत्र थांबेचना!

“बगा, कसली जबर नजर हाय!” म्हणून आणखी निखारे.

२० डिसेंबर

डोकं ठणकतंय.

२१ डिसेंबर

मठपती स्वामींना बोलावलं. त्यांनी बाळाला विभूती लावली, मला लावली, मग जरा विचार करून यंत्रालाही लावली. तीन पट्टे. आईने खाली काजळाची तीट दिली. आता ते कुणीतरी मानाचे पाहुणे दिसतं! मला हसू आवरेना, आणि हसल्यावर डोकं जास्तच दुखलं.

स्वामी होते तोवर दार उघडं होतं आणि यंत्र गप्प होतं. सगळे म्हणाले, विभूतीचा गुण. स्वामी गेले, दार लागलं, अर्ध्या तासात चार टिट्. अप्पा म्हणाले, “स्वामींना इथंच ठिवून घ्यावं का?” चेष्टा नव्हती. खरंच विचारत होते.

२३ डिसेंबर

बाळ दूध ओढत नाही. नुसतं झोपतं. येणारी प्रत्येक बाई म्हणते, किती गुणी लेकरू, रडतच न्हाई. मला भीती वाटते. खूप भीती वाटते.

अंगणापलीकडच्या न्हाणीत मला बरं वाटतं. खोलीत परत आले की डोक्यात पुन्हा घण बसतात. आज आईला स्पष्ट सांगितलं — शेगडी नको, खिडकी उघड.

“वारं बाधलं म्हंजी? तुज्या सासरी काय तोंड दाखवू म्या? काहून असा हट्ट करतीस?”

बोलता बोलता तीच रडायला लागली. मग मीही रडले. भिवराबाई म्हणाल्या, मायलेकींनाही नजर लागली आहे. म्हणजे परत मिरच्या!

२५ डिसेंबर

अप्पांनी यंत्राच्या पोटातली बॅटरी काढली. एकदम शांत. भिवराबाई ओरडल्या, “उतरली, उतरली नजर!” आईने गल्लीत गूळ-खोबरं वाटलं.

बाळ हलवलं तरी डोळे उघडत नाही. अक्षरं दोन-दोन दिसतात.

२७ डिसेंबर, रविवार

अंगणात लिहितेय. उघड्यावर! उन्हात!

दादाचा फोन रविवारी सकाळी स्टँडजवळ बंकटच्या बूथवर येतो. अप्पा गेले. पुढचं बंकटने सांगितलं. अप्पा फोनमध्ये ओरडले, “आरं, तुजं यंत्र लई वरडतंय, बॅटरी काढून ठिवली!” दादाने विचारलं, कसं ओरडतं? तर अप्पांनी ओरडून दाखवलं. टिट् टिट् टिट् टिट् टिट्! रांगेतली माणसं आमच्याच गल्लीतली. एकाने चूक काढली — “पाच न्हाई अप्पा, चारच हायती. मंग जरा गप, मंग परत चार.” दुसरा म्हणाला, आवाज बारीक हवा. सगळ्या बूथने मिळून एकसुरात म्हणून दाखवलं.

तिकडून दादा एवढ्या जोरात ओरडला की बाहेरच्यांना ऐकू गेलं. “शिवूला आन् बाळाला भायेर काढा! दारं उघडा! कोळशाचा वायू हाय, दिसत न्हाई, वास न्हाई, झोपेत मारतो!”

अप्पा एकाच चपलेनिशी पळत आले. बाळाला उचललं आणि थेट रस्त्यावर. मी मागे, माझ्यामागे गोधडी घेऊन भिवराबाई. “वारं लागंल! वारं लागंल!” अप्पा आयुष्यात पहिल्यांदा एका बाईवर ओरडले, “लागू दे!”

जीपने बीडला नेलं. डॉक्टरांनी दोघांना ऑक्सिजन लावला. म्हणाले, वेळेत आणलंत, आता धोका नाही. संध्याकाळी बाळ रडलं. इतकं कर्कश, इतकं छान! आणि प्यायलं. दोन्हीकडून प्यायलं!

(हे सगळं घरी परतल्यावर २८ला लिहिलं. तारीख खोडायचा कंटाळा.)

२९ डिसेंबर

अप्पांनी यंत्रात बॅटरी परत घातली आणि समोर राखणीला बसले. दुपारी ते बोललं. एकच बारीक टिट्. मिनिटभराने परत एक. “भायेर!!” अप्पांनी मला, बाळाला, आईला, भिवराबाईंना आणि साखर घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना रस्त्यावर उभं केलं. आम्ही तासभर उभे. शेगडी तर परवाच फेकलेली!

शेवटी भिवराबाईंना भूक लागली. त्यांनी कनवटीची ओव्याची पुडी सोडली. पुडीचा कागद गुळगुळीत! हिसकावून घेतला. इंग्रजीत लिहिलं होतं — चार टिट् आणि गप, असं वाजत राहिलं तर तत्काळ मोकळ्या हवेत जा. मिनिटाला एकच टिट् — बॅटरी संपत आली, बदला.

धुरीचा ओवा याच पुडीतून टाकत होत्या!

मी सगळ्यांसमोर, भर रस्त्यात, मोठ्याने वाचून दाखवलं. डोळ्यांचं कुणी काही बोललं नाही.

२ जानेवारी १९९९

आई दोन दिवस धड जेवली नाही. आज माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या आधीची तिची दोन लेकरं गेली, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणाली, “दोगंबी पौषातली. याच खोलीत. शेगडी म्याच भरत हुते.”

मग बाळाचं टोपरं सारखं करत राहिली.

“नजरच हुती ना गं, शिवू?”

मी म्हणाले, “हो आई. नजरच होती.”