चुकीच्या ठिकाणी सोडलेली जागा

मी, बारा घरांच्या आमच्या सहनिवासातील घर क्रमांक नऊची मालकीण, वय त्र्याहत्तर, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि रागात लिहीत आहे. रागाचा बुद्धीवर परिणाम झालेला नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर क्रमांक नऊ, सामान आणि पुस्तकांसह, माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला मिळावे. कपाटाचे दार जरा उचलून लावावे लागते. शब्दकोश रद्दीत घालू नयेत.

२. तांबड्या शाईची पेने आमच्या सचिवांना द्यावीत. त्यांना दुरुस्त्यांची हौस आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

३. सहनिवासाचे ऑनलाइन दप्तर माझ्या नावावर आहे. मी हात घातला तेव्हा टाकी धुतल्याची तारीख एकाच्या फोनमध्ये, छताचा हमीकागद दुसऱ्याच्या फोनमध्ये, तोही आडवा. बैठकांच्या फायलींची नावे ‘अंतिम’, ‘अंतिम खरे’, ‘हेच बघा’. मी नळ, छत, बैठका, तक्रारी असे कप्पे केले. आभार कोणी मानले नाहीत. ‘काकू फार कडक आहेत’ एवढे मात्र ऐकले. आहेच मी.

४. ताईचे खुब्याचे हाड मोडल्यापासून ती तळमजल्यावरच्या सामाईक खोलीत राहत असे. तिथून तिला अंगणात येता यायचे. सचिवांना तिथे व्यायामाचे यंत्र बसवायचे होते. बैठक झाली. सचिव आणि, सख्खी बहीण म्हणून मत न दिलेली, मी सोडून दहाही घरांनी ताईच्या बाजूने हात वर केले. ठरले ते असे : ‘तळमजल्याची खोली रिकामी करू नये.’ त्याच संध्याकाळी मी इतिवृत्त टंकून दप्तरात ठेवले आणि सकाळी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला गेले. परत येते तो ताई दोन जिने वर, माझ्या घरात. खाली यंत्र.

सचिवांना जाब विचारला.

“काकू, इतिवृत्तात आहे तसंच केलं. हे बघा, ‘खोली रिकामी करून घ्यावी’.”

“आणि ठरलं काय होतं?”

“ठरलेलं कुणाला आठवतंय? लिहिलेलं खरं.”

हात वर करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी त्या इतिवृत्ताखाली अंगठ्याचे चित्र टाकले होते. सगळे पदवीधर, आणि सगळे अंगठेबहाद्दर! एकाने तरी वाचावे?

ताई चौदा महिने खिडकीतून अंगण बघत राहिली. मग तेही थांबले.

५. दप्तरात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. स्वतःच्या लेखनाची खात्री असल्यामुळे मी तो कधी उघडला नव्हता. गेल्या महिन्यात सचिवांना उघडे पाडायचे म्हणून उघडला. ‘करून घ्यावी’ त्यांचेच निघाले. पण त्यांनी जी ओळ बदलली, ती अशी होती : ‘खोली रिकामी करून ये.’ पुढे माझे नाव. ‘न’ अलीकडे सरकला होता आणि मधली जागा चुकीच्या ठिकाणी पडली होती. चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या अशा जागा सरळ केल्या.

खाली घर क्रमांक चारमधल्या वायरमनचा प्रश्न होता : “मावशी, हे असंच ठरलं होतं का? मला उलटं आठवतंय.” त्याखाली माझे उत्तर. डोळ्याला पट्टी होती, भाचीकडून लिहवून घेतले होते : “मी लिहिलंय ना? तू तुझ्या तारा सांभाळ.”

सचिवांना मी माफ केलेले नाही. माझ्या चुकीचा त्यांनी सोयीने अर्थ लावला, ती लबाडीच. फक्त माझ्या रागाच्या यादीत सर्वांत वर आता माझे नाव आहे.

६. सबब, दप्तराची मालकी आणि पासवर्ड वायरमनला मिळावेत. अटी दोन. बदलांचा इतिहास पुसू नये, माझी ओळ तर नाहीच नाही. आणि खोलीचा ठराव बैठकीत मोठ्याने वाचून पुन्हा मंजूर होईपर्यंत कोणालाही दप्तरात लिहिण्याचा अधिकार देऊ नये, फक्त वाचण्याचा द्यावा. घर क्रमांक अकरामधल्या शिवणकाम करणाऱ्या बाई हल्ली जिन्यात दोनदा बसतात. यंत्र हलवून ती खोली त्यांना द्यावी. ‘देऊ नये’ आणि ‘द्यावी’ मी तीनदा तपासले आहे.

काल वायरमनला बोलावून हे सांगितले. तो दारातच उभा राहिला.

“मावशी, मला कुठं शुद्धलेखन येतं?”

“मला येत होतं,” मी म्हटले.

साक्षीदारांनी हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचले आणि मगच सही केली. अंगठा चालणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते.

लिहून देणार : (सही) घर क्रमांक नऊ
साक्षीदार १ : (सही) माझ्या डोळ्यांच्या डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) छापखान्यातले जुने कंपोझिटर
ठिकाण : तळमजला, व्यायामाच्या यंत्राशेजारी
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४