किल्लीच्या वहीत अजून तुमचंच नाव आहे

आदरणीय लायफोर्डमामा,

दोन्ही गुडघे टेकून, हळूच टाळी वाजवून नमस्कार. (पत्रात टेकलेले गुडघे दिसत नाहीत म्हणून लिहून कळवते. नोंद नसलेली गोष्ट तुम्ही कधी मानली नाहीत.) तुमचं गुडघेदुखीचं कसं आहे? मामींच्या कोंबड्या अजून शेजाऱ्यांकडेच अंडी घालतात का? यंदा सरोवरात उसिपा भरपूर लागली असं बसवाल्याकडून कळलं. इथल्या बाजारात येते तिच्यात मासळी कमी आणि वाळू जास्त. बाकी मी खुशाल आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि ऑफिसात बोलणी खाते.

मोठी बातमी अशी की आपल्या बोमाची, म्हणजे अख्ख्या जिल्हा ठाण्याची, सगळी सरकारी खरेदी आता कॉम्प्युटरवर गेली. सरकारने त्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं आणि आपल्या जिल्हा कचेरीच्या वाट्याला त्याच्या लायसन्सचं एक पॅकेज आलं. नवे संचालक थोकोझानी साहेब (वय चौतीस, बुटात चेहरा दिसेल असं पॉलिश) केबिनमधूनच ओरडले, "एनेलेसबाई, पॅकेज आलंय, ताब्यात घ्या!" आता भांडारात आलेली वस्तू तिघांच्या समितीसमोर उघडायची, मोजायची आणि मगच तिचं कार्ड लिहायचं, हे तुम्हीच आमच्या हाडामांसात भिनवलेलं. मी समिती बोलावली : मी, वायसन ड्रायव्हर आणि इस्पितळाच्या मेट्रन नासिबेको सिस्टर. वायसन खोकं फोडायला पहार घेऊनच आला. साहेबांनी आमच्या हातात शेहेचाळीस छापील पानं ठेवली. "आणि बाकीचं?" वायसनने विचारलं. साहेब म्हणाले, हेच. वायसन माझ्या कानाशी लागला, "ताई, वाटेत कुणीतरी उघडलंय. सही करू नका."

मग सिस्टरांनी चष्मा लावून पॅकेजात काय काय आहे ते मोठ्याने वाचलं. पंचवीस माणसांना वापरायची परवानगी, समाविष्ट. कॉम्प्युटर, समाविष्ट नाही. वीज, अर्थातच नाही. (ती आपल्या बोमात कशातच समाविष्ट नसते.) फोनवरची मदत आहे, पण ती साता समुद्रापार बसते, आणि उठून दात घासते तोवर आपलं ऑफिस सुटलेलं असतं. दोघांना दोन दिवस प्रशिक्षण आहे, त्यात चहा नाही. वायसनने आग्रह धरला म्हणून मी चहा तुटीच्या रकान्यात लिहिला. आणि शेवटी, जुन्या नोंदी नव्या यंत्रात घेणे, समाविष्ट, मागच्या पाच वर्षांपुरत्या.

तिथे मी वर फळीकडे बघितलं, मामा. तुमच्या एकतीस वर्षांच्या वह्या अजून तिसऱ्या फळीवर आहेत. पांढरी प्रत ऑफिसला, गुलाबी व्यापाऱ्याला, पिवळी वहीतच, आणि कार्बनने तुमचा अंगठा कायमचा निळा. (मामी म्हणायच्या, यांचा अंगठा ऑफिसने ठेवून घेतलाय, उरलेला माणूस मला दिलाय.) माझ्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला चारशे कुदळी मोजायला लावल्यात, आणि आकडा पहिल्या फटक्यात बरोबर आला म्हणून पुन्हा मोजायला लावल्यात. म्हणालात, "बाई, तू कुदळी नाही मोजल्यास, माझं तोंड बघून आकडा सांगितलास." ते खरं होतं. मी रडत रडत पुन्हा मोजल्या, चारशेच निघाल्या, आणि तुम्ही तुमच्या डब्यातली तळलेल्या पिठाची मोठी मंदासी मला दिलीत. आता त्या फळीखालून जाते तेव्हा कार्बनचा वास येतो आणि मला तुमची फार आठवण येते. या यंत्राला कसलाच वास नाही.

असो. तर पॅकेजात पंचवीस जणांची नावं भरायची होती, आणि पहिलं नाव भांडारप्रमुखाचं. त्याने अंगठा टेकवल्याशिवाय एकही मागणी पुढे सरकत नाही. साहेब राजधानीला बैठकीत होते. मग मी तुमच्या शिस्तीने गेले : कुणाला तोंडी विचारायचं नाही, वही बघायची. किल्लीची वही उघडली. शेवटची नोंद अशी, "भांडाराची किल्ली, ताब्यात : लायफोर्ड साइवाला." मी तेच नाव भरलं, तुमच्या फाइलीतून ओळखपत्राचा क्रमांकही काढून घातला (अंगठ्याचा ठसा त्यालाच जोडलेला असतो). यंत्राने आनंदाने घेतला.

यात माझी काय चूक? तुमच्या निवृत्तीच्या निरोपाला भात-कोंबडी झाली, भाषणं झाली, तुम्ही किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीत, वही समोर उघडी होती, आणि पेनच कुठे सापडेना. टाचण्यांची डबीसुद्धा सहीशिवाय न देणारे तुम्ही, "उद्या येऊन करतो" म्हणालात. दुसऱ्या दिवशी बसने तुम्हाला थेट सरोवराकाठी नेलं. त्याला आता दोन वर्षं झाली. कागदोपत्री भांडारप्रमुख तुम्हीच आहात, मी आपली किल्ली सांभाळणारी.

यंत्रावरची पहिली मागणी सिस्टरांची आहे. बाळंतपणाच्या आधी महिनाभर बायका येऊन राहतात त्या निवाऱ्यासाठी वीस गाद्या. आठवा-नववा लागलेल्या बाया सिमेंटवर चटई टाकून निजतात. नऊ दिवस झाले, पडद्यावर एकच ओळ : साइवाला यांच्या मंजुरीची वाट पाहत आहे. सिस्टर रोज सकाळी येऊन माझ्यासमोरच्या बाकावर विणत बसतात. भांडत नाहीत, तेच जास्त लागतं. काल एवढंच म्हणाल्या, "पोरी, पोटातली मुलं कुणाच्या मंजुरीची वाट बघत नाहीत गं." साहेब कडाडले, "हे साइवाला आहेत कोण? आत्ताच्या आत्ता केबिनमध्ये बोलवा त्यांना!" वायसन अदबीने म्हणाला, "बोलावतो साहेब, पण डिझेल लागेल."

पॅकेजाच्या एकेचाळिसाव्या पानावर तोडगा सापडला आहे. नाव वर्षातून एकदा बदलता येतं, पण पहिल्या तीस दिवसांत. ते दिवस शुक्रवारी संपतात. मग वर्षभर गाद्या नाहीत, औषधं नाहीत, खडूसुद्धा नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रकृतीला जपा, मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
एनेलेस

ता. क. नाव बदलायला जुन्या माणसाने स्वतः बोमात येऊन यंत्रावर अंगठा टेकवायचा असतो. पत्राने किंवा फोनने चालत नाही. ऑफिसला पुन्हा तुमचा अंगठाच हवाय, हे मामींना जरा बेताने सांगा.

ता. क. दुसरा. तेव्हा गुरुवारच्या बसने याच. खिडकीकडची जागा वायसनने बसवाल्याला सांगून धरली आहे. आल्यावर आधी सिस्टरांच्या गाद्या मंजूर करा, मग तुमचं नाव काढून माझं घाला, आणि मग किल्लीच्या वहीत सही करा. याच क्रमाने. मंदासी मी तळून ठेवते, ती पॅकेजात समाविष्ट आहे.

ता. क. तिसरा. वर लिहिलं की पेन कुठे सापडेना. ते खोटं आहे. सगळे टेबलाखाली वाकून शोधत होते तेव्हा पेन तुमच्या कानामागे होतं, आणि ते मला दिसत होतं. मी बोलले नाही. मला वाटलं, सही राहिली तर तुम्ही उद्या परत याल.