चौकट हलवून बघणारी बाई

नवं गाव, ता. औसा
९ मार्च १९९५

प्रिय मलिका, सलाम.

माझी तब्येत बरी आहे, जेवणाचेही हाल नाहीत. अर्शिया आता बसायला लागली का?

भूकंपात पडलेलं गाव इथं नव्यानं बांधून राहिलेत. दारांचं सुतारकाम माझ्याकडे आहे. केवळाबाई नावाची एक म्हातारी मी बसवलेली चौकट रोज हलवून बघते आणि विचारते, "पक्की हाय का?" मला लई राग यायचा. परवा मी ओरडलोच, "मावशी, माझ्यावर भरोसा न्हाई का?"

ती हळूच म्हणाली, "जुन्या घरावर भरोसा व्हता, बाबा. म्हनून तर लेकीला आत निजवलं व्हतं."

माझ्या कामावर कुणी शंका घेतलेली मला सोसत नाही, हे तिच्यापुढं उभं राहून कळलं. मी निघालो त्या दिवशी तूही म्हणाली होतीस, "पाळण्याची कडी एकदा बघा." मी ताटावरून उठलो आणि पक्की आहे म्हणून निघून आलो.

मलिका, मी ती कडी बघितलीच नव्हती. पत्र मिळताच अर्शियाला पाळण्यातून उचल आणि तुझ्या भावाला, यासेरला बोलावून कडी तपासून घे. पक्की निघाली तरी लगेच कळव.

तुझा,
फारूक