रकाना क्रमांक अकरा रिकामा ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सामान्य रुग्णालय.

विषय : माझ्या नातीच्या नोंदणी अर्जातील रकाना क्र. ११ न भरता तिची दोन्ही विभागांत तपासणी होण्याबाबत.

संदर्भ : 'अपूर्ण' असा शिक्का बसून परत आलेला माझा पहिला अर्ज, 'खाडाखोड' असा शेरा घेऊन परत आलेला दुसरा, आणि स्वीकारला गेलेला, परंतु उपयोग न झालेला तिसरा.

महोदय,

१. मी एका सार्वजनिक ग्रंथालयात चौतीस वर्षे पुस्तकांची कार्डे लिहून निवृत्त झालो. वय बाहत्तर. अधिकाऱ्यांना अर्ज करण्याची मला सवय नाही, खिडकीपाशी आवाज चढवण्याची तर मुळीच नाही. कमी लिहिले तर गैरसमज होईल आणि जास्त लिहिले तर आपण वाचणार नाही, अशा दोन्ही भीती मनात धरून हे लिहीत आहे. चुकल्यास क्षमा असावी.

२. माझी नात सोळा वर्षांची आहे. ती सिगारेट ओढते आणि ती फार उदास असते. ही दोन वाक्ये कागदावर उतरवायला मला तीन आठवडे लागले. गेल्या पाच महिन्यांत तिचे वजन सात किलोने उतरले आहे. आठवड्यातले दोन दिवस ती शाळेत जाते, उरलेले दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असते. मुलगा आणि सून सकाळी सातला कारखान्यात जातात, ते संध्याकाळीच परततात. घरात दिवसभर ती आणि मी.

३. आपल्या नोंदणी अर्जाच्या अकराव्या रकान्यात असे छापले आहे : 'दोन तक्रारी असल्यास आधी कोणती सुरू झाली? कोणत्याही एकीवर खूण करावी.' व्यसनावर खूण केली की कागद तळमजल्यावरील व्यसनमुक्ती कक्षाकडे जातो, मानसिक तक्रारीवर केली की दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वेळी मी कशावरच खूण केली नाही. 'नक्की सांगता येत नाही' असे लिहून अर्ध्या पानाचे स्पष्टीकरण टाचणीने जोडले. ते न वाचता परत आले. दुसऱ्या वेळी दोन्हींवर खूण केली. खिडकीवरच्या ताई वैतागल्या. म्हणाल्या, "काका, कोंबडी आधी की अंडं आधी, एवढंच विचारलंय! त्यात काय एवढं? ठोका एक खूण आणि मोकळे व्हा." माझ्यामागे रांग लांब होती, त्यांची चूक नाही. मागच्या गृहस्थांनीही "आजोबा, पेपर सोडवताय का?" असे विचारले. लोक हसले. नात हसली नाही.

४. तिसऱ्या वेळी मी सिगारेटवर खूण केली. तळमजल्यावरील डॉक्टर चांगले होते. तिच्याशी दहा मिनिटे बोलले आणि मला म्हणाले, "हिचं मन इतकं खचलंय, अशात सिगारेट सोडायला लावली तर पोर आणखी खाली जाईल. आधी वरच्या मजल्यावर दाखवा." वर गेलो. वरच्या डॉक्टरीणबाईही चांगल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि म्हटले, "यावर तर खालची खूण आहे. आणि ती दिवसाला आठ-दहा ओढत असेल तर धुराचं किती आणि मनाचं किती, हे मला कसं कळणार? आधी ते सुटू द्या, मग या." त्या दिवशी आम्ही जिना चार वेळा चढलो-उतरलो. चौथ्या वेळी ती मधल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही जाऊन या. मी इथेच थांबते, दोघांनाही जवळ."

५. मला दोघांपैकी कोणाबद्दलही तक्रार करायची नाही. घरी आल्यावर मी जे मिळाले ते वाचले. वाचण्याखेरीज मला दुसरे काही येत नाही. काही मुले आधी उदास असतात आणि मग सिगारेटकडे वळतात, काही आधी ओढू लागतात आणि मग खचतात. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. पुस्तके 'काही' आणि 'पुष्कळ' यांच्याविषयी सांगतात. माझ्या घरातल्या एकीविषयी त्यांत काही नव्हते. हे मी नातीला सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या प्रत्येक वाक्याला तळटीप असते." पाच महिन्यांत तिने केलेला हा एकच विनोद. म्हणून नोंदवला.

६. मग मी तारखा शोधल्या. लहानपणापासून ती माझ्या कपाटातली पुस्तके वहीत सही करून नेत असे. तो आमचा खेळ होता. वहीतली तिची शेवटची सही तीन जूनची आहे. म्हणजे मन उडाले ते जूनमध्ये, असे मी धरले. परंतु तिच्या मैत्रिणीला विचारले तेव्हा ती म्हणाली की सिगारेट परीक्षेनंतर लगेच, मे महिन्यात. मला वाटले, निकाल लागला. तेवढ्यात वहीची आधीची पाने चाळली, तर जानेवारीपासून नेलेले एकही पुस्तक तिने परत केलेले नव्हते. सगळी तिच्या पलंगाखाली सापडली. एकाचीही पाने उलटलेली दिसत नव्हती.

७. शेवटी तिलाच विचारले. हे आधी करायला हवे होते, पण मला विचारवत नव्हते. ती म्हणाली, "मलाही नाही माहीत. एक दिवस सकाळी वाटलं, उठूच नये. त्या दिवशी दप्तरात सिगारेट होती की नव्हती, आठवत नाही. ओढली की छातीवरचा दगड कुणीतरी पाच मिनिटं उचलून धरतं. मग परत ठेवतं. जरा जोरात ठेवतं." थोड्या वेळाने म्हणाली, "सिगारेटवरच राहू द्या खूण. निदान माझी चूक आहे असं तरी ठरेल."

८. महोदय, त्या वाक्यानंतर मला ती खूण ठेववत नाही. दुसऱ्या जागी करायची तरी कशाच्या आधारावर, तेही सांगता येत नाही. खरे सांगायचे तर अकराव्या रकान्याचे उत्तर घरात फक्त एका माणसाला ठाऊक असायला हवे होते, आणि तो मी. मी त्याच खोल्यांत दिवसभर होतो. गच्चीच्या दाराशी वास आला तेव्हा खालच्या बिऱ्हाडातला असेल म्हटले. ती जेवण टाकून उठू लागली तेव्हा वय असेल म्हटले. विचारले तर तिला अवघडेल असे वाटले. अवघडत होतो मी. तेव्हा त्या रकान्यात 'आजोबांचे लक्ष नव्हते' असे लिहिणे अचूक ठरेल, पण तशी सोय छापलेली नाही.

९. आमच्या ग्रंथालयात दोन विषयांचे पुस्तक आले की ते कपाटात एकाच जागी राही, पण त्याची कार्डे आम्ही दोन करीत असू. वाचक कोणत्याही बाजूने शोधत आला तरी त्याला ते मिळे. आपल्या कामाची आणि या कामाची बरोबरी करण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. एवढीच विनंती आहे की नातीचे दोन कागद करावेत, किंवा दोन्ही डॉक्टरांनी एका दिवशी, एका खोलीत तिला पाहावे. बाकावर, व्हरांड्यात, जिन्यावरही चालेल. हे नियमात बसत नसेल तर आपण स्वतः कोणतीही एक खूण करावी आणि उरलेल्या विभागाला ती मान्य करण्यास सांगावे. मी हरकत घेणार नाही.

१०. घाई करणे मला शोभत नाही, तरी एक कळवणे भाग आहे. ती यायला तयार नव्हती. काल सकाळी म्हणाली, "एकदाच येते. या वेळी परत पाठवलं तर मला पुन्हा जमणार नाही, आजोबा." जमणार नाही म्हणजे काय, हे मी विचारले नाही. या खेपेलाही विचारले नाही. मी तिला म्हटले, "या वेळी परत पाठवणार नाहीत. मी बोललोय त्यांच्याशी." मी कोणाशीही बोललेलो नव्हतो. तिने माझ्याकडे पाहिले, उठली आणि केस विंचरू लागली. येत्या गुरुवारी सकाळी नऊला मी तिला घेऊन येत आहे. मी तिला जे सांगितले ते खरे करणे माझ्या हातात नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
(सही)
मुलीचा आजोबा

दिनांक : १९ नोव्हेंबर, मंगळवार

सोबत :
१. परत आलेले दोन अर्ज, शिक्क्यांसह.
२. घरच्या वहीतील जानेवारी ते जून या पानांची प्रत.
३. नवा नोंदणी अर्ज. रकाना क्र. ११ रिकामा. खाली मुलीने स्वतः सही केली आहे.