हेश्वानचा राहिलेला सण

वरणगाव, ५ ऑक्टोबर २०२५

ती. एलिझरभाऊ यांस धाकट्या दिनाचा सा. शालोम, वि. वि.

साष्टांग आपल्यात चालत नाही, तेव्हा 'सा.' म्हणजे सादर समजा. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला मी भुसावळच्या शिमशोनरावांशी लग्न करते आहे. मी अठ्ठावन्नची, ते त्रेसष्टचे, हसून घ्या. आपल्या यहुदी रीतीने लग्नाच्या आशीर्वादांना दहा बेने इस्राएल पुरुष लागतात, नऊ जमलेत. ठाण्याहून कुणी मिळेलही, पण मला भाऊ हवाय.

लोभ आहेच, तो प्रवासाला निघावा.
दिना

धुळे, १२ ऑक्टोबर

चि. दिना हिस अ. आ.

शिमशोन भला माणूस, फक्त बोलतो फार. हरकत त्याला नाही, महिन्याला आहे. ती तारीख हेश्वानात येते. त्यात ना सण, ना उपास. म्हणून जुनी माणसं त्याला 'मार हेश्वान' म्हणत. मार म्हणजे कडू. भाकड महिना. इथे लोक पौषात लग्न करत नाहीत, तसंच समज. पुढे किस्लेवात दिव्यांचा सण आहे, तेव्हा कर, येईन. हेश्वानात मी कुठे जात नाही, तुला ठाऊक आहे.

कळावे. तब्येत जप.
एलिझर

वरणगाव, १६ ऑक्टोबर

ती. भाऊंस सा. शालोम.

ठाऊक आहे. सिप्पोरावहिनी हेश्वानात गेल्या, तेव्हापासून तुम्ही महिनाभर दार लावून बसता. महिना तुम्ही कडू केलात. राग येऊ द्या.

'मार' म्हणजे पाण्याचा थेंबसुद्धा, हे तुम्हीच शिकवलंत. शलमोन राजाचं मंदिर हेश्वानात बांधून झालं, सोहळा मात्र वेगळ्याच महिन्यात केला. हेश्वानचा राहिलेला सण देव पुढे कधीतरी देणार आहे, असंही तुम्हीच सांगायचात. मला तितका धीर नाही. तारीख मी मुद्दाम निवडली. तुम्हाला त्या महिन्यात एकटं सोडवत नाही.

शेजारच्या भिकुबाईंनी भरताची वांगी सांगून ठेवलीत. मलिद्यासाठी गूळ-खोबऱ्यात कालवायचे पोहे मी भिजवीन.

लोभ असावा, नसला तरी या.
दिना

धुळे, २६ ऑक्टोबर

चि. सौ. कां. दिना हिस अ. आ.

वरची अक्षरं लिहिताना हात अडला, पण बरी आलीत.

लग्नाआधीच्या गुरुवारी दुपारच्या एसटीने येतो. सिप्पोराचा वर्षाचा दिवा त्याच संध्याकाळी लावायचा असतो. यंदा तुझ्याकडे लावीन. काचेचा पेला आणि खोबरेल काढून ठेव.

शिमशोनला सांग, दहा झाले. मलिद्यात गुळाला हात आखडू नकोस. तिला गोड लागायचा.

तुझा,
एलिझर